कोलभाट लेन, नंबर 26-28

महालक्ष्मी एक्सप्रेस यावेळी चक्क वेळेवर आली. सकाळी साडेसातच्या आत सीएसएमटीला उतरलो आणि आता एवढ्या लवकर करायचं काय असा प्रश्न पडला, कारण मला जायचं होतं काळबादेवीला आणि काळबादेवी काही दहाच्या आत उठत नाही. मग मेट्रो सिनेमाच्या कोपऱ्यावर, कयानीत, बन मस्का आणि दोन चहा. बॅगेत एक जाडजूड पुस्तक होतं, 'सुभाषितरत्नभाण्डागारम्', म्हणजे संस्कृत सुभाषितांचा संग्रह, आजोबांचं. पाठीचा पुठ्ठा कधीच गेलाय, बाबांनी कॅलेंडरचा कागद लावून बांधलंय. ते सांगलीहून मुंबईपर्यंत वागवत आणायची खरंतर काही गरज नव्हती, फोटो काढून भागलं असतं. पण असो.

आधी हे पुस्तक का ते सांगतो. माझे बाबा जुळारी होते, म्हणजे कंपोझिटर. सांगलीच्या एका छोट्या छापखान्यात 22 वर्षं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले, मग ऑफसेट आलं आणि ते काम संपलं. त्यामुळे आमच्याकडे पुस्तक हातात घेतलं की आधी लेखक नाही, आधी तळाची ओळ वाचायची सवय. कुणी छापलं, कुठे छापलं. या पुस्तकात लिहिलंय निर्णयसागर प्रेस, 26-28 कोलभाट लेन, मुंबई. काळबादेवीतली तीच जागा शोधायला मी आलो होतो. लहानपणी मला वाटायचं निर्णयसागर हे कुठल्यातरी शास्त्रीबुवांचं नाव असणार. तसं नाही. या प्रेसचा मालक टाइप घासणारा पोरगा होता!

जावजी दादाजी चौधरी. जन्म 1839, मुंबईतच वाढलेला, घरची गरिबी, शाळा जेमतेम. दहाव्या वर्षाच्या सुमारास अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागला, तिथे टॉमस ग्रॅहम नावाचा मिशनरी देवनागरी टाइप तयार करायचा. पोराचं काम काय, तर टाइप घासणं. साच्यातून ओतून निघालेला खिळा तसाच वापरता येत नाही, त्याला खाली धातूची शेपटी असते, कडांना कंगोरे असतात. शेपटी मोडायची, दगडावर चारी बाजू घासायच्या, कारण एक खिळा केसभर जाड राहिला तरी सगळी ओळ हलते. बाबा सांगायचे, नवीन टाइप आला की ते आधी मूठभर खिळे टेबलावर उभे करून बोट फिरवायचे, खडबडीत लागलं की शिव्या. म्हणजे मुंबईत जावजीसारखं पोर बसून दिवसभर जे घासत होतं ते पुढे शंभर वर्षांनी कुणीतरी बोटानं तपासणार होतं.

कयानीतून निघालो आणि धोबी तलावावरून काळबादेवी रोडला लागलो. तोपर्यंत हातगाड्या सुरू झाल्या होत्या, कापडाचे तागे, पुठ्ठ्याची खोकी, डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं, आणि फुटपाथ नावाला. चालता चालता मनात सारखा हिशेब चालू होता. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 1853 ला, तेव्हा जावजी 14 वर्षांचा, गर्दीत उभा राहून बघितली असेल का नाही देव जाणे. मी उतरलो ते स्टेशन बांधून झालं 1888 ला, तोपर्यंत हा माणूस मोठा छापखानावाला झालेला. एका माणसाच्या हयातीत गावाचं केवढं रूप पालटलं.

मिशनच्या छापखान्यातून तो टाइम्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात गेला, मग 'इंदुप्रकाश' वृत्तपत्राच्या छापखान्यात. म्हणजे नोकऱ्या बदलत बदलत सगळी कला शिकून घेतली. आणि 1864 मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली. हे साल मला भारी वाटतं. अमेरिकेत यादवी चालू, तिकडचा कापूस बंद, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव, जो उठतो तो शेअर घेतोय, बँका काढतोय. 1865 मध्ये सगळं धाडकन कोसळलं आणि भलेभले शेठ रस्त्यावर आले. त्या धामधुमीत हा पंचविशीतला माणूस शिसं, अँटिमनी आणि कथील वितळवत बसलेला. शेअर बुडतात, शिसं पुन्हा वितळवता येतं (हा माझा जोक, त्याचा नव्हे). पाच वर्षांनी, 1869 ला, निर्णयसागर छापखाना उभा राहिला.

आता सगळं श्रेय एकट्या जावजींना द्यायचं तर ते चुकीचं होईल. राणोजी रावजी आरू हा त्यांचा जोडीदार, अक्षर कापणारा. आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ती कांडी तांब्यावर ठोकून खोलगट ठसा घ्यायचा, मग त्या ठशावर धातू ओतायचा. इंग्रजीला 26 अक्षरं, लहान मोठी धरली तरी आटोपतं. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, आणि जोडाक्षरांची तर वरात, संस्कृत छापायचं म्हणजे 'ङ्क्ष' सारखे प्रकार. प्रत्येकासाठी वेगळी कांडी कोरणारा माणूस म्हणजे आरू. निर्णयसागरचं पान उघडून बघा, श्लोकाखालच्या टीकेच्या, म्हणजे भाष्याच्या, बारीकात बारीक ओळीतसुद्धा अक्षर भरीव आणि डौलदार उभं असतं, शाई पसरलेली नाही. टाइपचं नाव घेतात जावजींचं, अक्षराचं वळण मात्र आरूचं, आणि त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

आणि शाईवरून आठवलं, जावजींच्या आधीच्या पिढीत गणपत कृष्णाजींनी मुंबईत छापखाना घातला तेव्हा छापलेल्या पोथीला सोवळ्यातले लोक हात लावत नव्हते, शाईत चरबी असते म्हणून, तर त्यांनी तूप घालून शाई केली! तेव्हाचं मार्केटिंग बघा. जावजींच्या वेळेपर्यंत ते भांडण बरंच थंडावलं असावं, कारण शास्त्री पंडितच त्यांच्याकडे येऊन बसायला लागले होते. 1881 पासून विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक मुलांसाठी इथून निघायला लागलं, 1886 ला संस्कृत काव्यांची 'काव्यमाला' ही ग्रंथमाला सुरू झाली, संपादक पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब. माझ्या बॅगेतलं सुभाषितांचं पुस्तक याच परबांचं.

तर कोलभाट लेन. फोनचा नकाशा मला दोनदा भलत्याच गल्लीत घेऊन गेला, एकदा एका गोदामाच्या मागे, एकदा सरळ एका जिन्यावर. शेवटी एका पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "प्रेस? कपडे इस्त्रीवाला क्या?" मी म्हटलं नाही, छापखाना. "अच्छा, झेरॉक्स. आगे जाओ." पुढे गेल्यावर एक वयस्क मराठी गृहस्थ दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते. त्यांना 'काका' म्हणून पुस्तकच उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ओळ वाचली आणि म्हणाले, "हो हो, नंबर असतील, पण आता नंबर बघून कोण येतंय इथं? दुकानाचं नाव सांगायचं." तरी मी 26-28 शोधत गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या. कुठे रंगाखाली गेलेला आकडा, कुठे पाटीवर पाटी, कुठे शटर अर्धं खाली. दुसऱ्या फेरीत त्याच काकांनी मला बसवून पाणी दिलं आणि पुस्तक पुन्हा मागून घेतलं, पाच मिनिटं नुसती पानं उलटत राहिले, आणि एकच म्हणाले, "अक्षर बघा हो काय आहे."

मग मीही तिथेच पायरीवर बसलो आणि मोबाईलमधले फोटो उघडले. गेल्या दोन वर्षांत जुन्या पुस्तकांच्या दुकानात आणि वाचनालयात निर्णयसागरचं जे पुस्तक दिसेल त्याच्या पहिल्या पानाचा फोटो मी काढून ठेवलाय. कारण या घराण्याचा इतिहास खरंतर त्या पानाच्या तळाशीच आहे. जावजी गेले 5 एप्रिल 1892 ला, वय जेमतेम 53. त्यानंतरच्या पुस्तकांवर नाव येतं तुकाराम जावजी. मग 1920-30 च्या पुस्तकांवर पांडुरंग जावजी. आणि 1940 च्या दशकातलं पान उघडलं की प्रकाशक म्हणून छापलेलं असतं सत्यभामाबाई पांडुरंग! मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी दुकानात उभ्या उभ्या दोनदा वाचलं. व्याकरण, मीमांसा, धर्मशास्त्र, जे ग्रंथ बायकांनी वाचावेत की नाही यावर आतमध्ये पानंच्या पानं लिहिलीत, त्याच ग्रंथांवर प्रकाशक म्हणून एका बाईचं नाव. त्या कुणी मोठ्या विदुषी म्हणून गाजल्या नाहीत, पुतळा नाही, पाटी नाही. नाव आहे ते फक्त तळाच्या ओळीत, तेही बारीक टाइपात.

उन्हं वर आली तशी गल्लीत हातगाड्यांची कोंडी झाली आणि माझी बॅग दोघांना लागली, तेव्हा निघालो. स्टेशनवर येऊन बाबांना फोन केला. म्हटलं, नंबर काही सापडला नाही, पण गल्लीत जाऊन आलो. त्यांनी आधी विचारलं, "पुस्तक नीट आहे ना?" मग मी सत्यभामाबाईंचं सांगितलं, आणि म्हटलं की त्याच पानावर रामचंद्र येसू शेडगे असंही नाव आहे, ते पण घराण्यातलेच मालक असणार.

"मालक कुठले," बाबा म्हणाले. "नीट वाच. त्याच्या आधी 'मुद्रक' लिहिलेलं असेल. शेडगे आपल्यातले, छापणारे."