वजन थांबेपर्यंत थांबले

वजन उतरल्यावर ओघळलेल्या चेहऱ्यासाठी फेसलिफ्ट, म्हणजे चेहरा आवळून बसवायची शस्त्रक्रिया, करून घ्यायची म्हणून मी प्लास्टिक सर्जनसमोर बसले तेव्हा गालांबद्दल काय काय बोलायचं हे मनात घोळवून गेले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न वजनाचा विचारला. "आज किती आहे ते नको. गेले तीन महिने, प्रत्येक महिन्याच्या शेवटी किती होतं तेवढं सांगा."

वही बरोबर होती. 81, 78, 76. आकडे वाचताना मला खरं तर अभिमान वाटत होता. त्यांनी ते लिहून घेतले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग आपण आज तारीख ठरवायची नाही."

मी गप्प बसले. घरी येईपर्यंत रडू आवरलं, मग नाही आवरलं.

माझं वय 54. वजन 97 किलोवर गेलं होतं, साखर सीमारेषेवर होती आणि जिना चढताना गुडघे बोलायला लागले होते. फिजिशियननी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं, म्हणजे भूक आणि साखर कमी करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन सुरू केलं. सोबत आहारही बदलला आणि चालणंही वाढवलं. अकरा महिन्यांत एकवीस किलो उतरले. साखर ताब्यात आली, गुडघे शांत झाले. त्या औषधाबद्दल मला आजही कृतज्ञताच वाटते, हे आधी सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणी भलताच अर्थ काढू नये.

पहिले सात-आठ किलो गेले तेव्हा भेटेल तो म्हणायचा, "छान दिसतेस." पंधरा किलोनंतर तेच लोक हळू आवाजात विचारू लागले, "बरं नाही का गं?" एकीने तर मला बाजूला घेऊन कुठल्या तपासण्या केल्यास असं विचारलं. गेल्या कित्येक वर्षांत मी एवढी निरोगी नव्हते, आणि चेहरा मात्र आजाऱ्याचा दिसत होता. गाल खाली ओघळले होते. जबड्याची रेषा दोन्ही बाजूंना तुटून तिथे छोट्या पिशव्या लोंबायला लागल्या होत्या. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या घड्या खोल गेल्या होत्या, मानेवर दोन उभ्या दोऱ्या उठल्या होत्या. कानशिलं बसली होती, आणि त्यांचं मला सगळ्यांत वाईट वाटायचं. कानशिलं बसलेला माणूस थकलेला दिसतो, झोप कितीही झालेली असो.

त्याआधी मी एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे वीस मिनिटांत सगळं ठरलं: फेसलिफ्ट तीन आठवड्यांनी, तोवर गालात फिलर, म्हणजे भराव देणारं इंजेक्शन. वजन किती हे विचारलं, पण ते बदलतंय का हे कुणीच विचारलं नाही. मी आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होते. लेक सोबत होती. तिने बाहेर आल्यावर विचारलं, "आई, तुला अजून सात-आठ किलो कमी करायचेत ना? मग ते कमी झाल्यावर हा चेहरा परत सैल होणार नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आत जाऊन विचारलं तर तिथेही "तेव्हाचं तेव्हा बघू" यापलीकडे उत्तर नव्हतं. म्हणून दुसरं मत घ्यायला गेले, आणि तिथे हा वहीतल्या आकड्यांचा प्रश्न आला.

दुसऱ्या भेटीत सर्जननी मला वेळ देऊन समजावलं. त्यांनी दिलेली उपमा साधी होती. उशीतला कापूस अजून काढणं चालू असताना अभ्रा मापाला शिवून काय उपयोग? आज बेतलेलं माप चार महिन्यांनी ढिलं होणार. शिवाय अभ्रा उसवून परत शिवता येतो, चेहऱ्याचं तसं नाही. दुसऱ्या वेळी आधीच्या शस्त्रक्रियेचे व्रण आत असतात, थर एकमेकांना चिकटलेले असतात, आणि काम पहिल्यापेक्षा अवघड होतं.

मग त्यांनी कागदावर चेहरा काढला. चेहऱ्यावरची चरबी म्हणजे सगळीकडे सारखी पसरलेली साय नव्हे. ती वेगवेगळ्या कप्प्यांत असते, काही कप्पे त्वचेलगत, काही खोलवर, आणि त्यांच्यामध्ये पडदे असतात. 2007 मध्ये अमेरिकेतल्या सर्जननी या कप्प्यांची नीट मांडणी केली आणि चेहरा म्हातारा कसा होतो याकडे बघायची दृष्टीच बदलली. वजन उतरताना हे कप्पे सारखे रिकामे होत नाहीत. कुणाचे आधी गाल बसतात, कुणाची कानशिलं, कुणाची हनुवटीखालची चरबी शेवटपर्यंत हटत नाही. त्वचेखाली स्नायूंना धरून असलेला आणखी एक थर असतो. त्याला स्मास म्हणतात, त्याचं वर्णन फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 1976 मध्ये केलं. आजच्या फेसलिफ्टमध्ये मुख्य ओढ या थराला दिली जाते. त्वचा फक्त वरून अलगद बसवायची असते. त्वचेलाच ताण दिला तर चेहरा वाऱ्यात उभं राहिल्यासारखा ओढलेला दिसतो आणि व्रणही रुंद होतात.

"आता मला सांगा," ते म्हणाले, "तुमच्या गालावर जे लोंबतंय, त्यात त्वचा जास्त झाली म्हणून किती आणि आतला भराव गेला म्हणून किती, हे मी आज कसं ठरवू? भराव अजून जातोच आहे."

हा मुद्दा माझ्या डोक्यात बसला. तोवर मला वाटत होतं की सैल कातडी हा एकच प्रश्न आहे आणि कापून टाकली की संपलं.

त्यांचा नियम असा होता: वजन दोन-तीन किलोंच्या आत निदान सहा महिने स्थिर राहिलं पाहिजे. सगळे सर्जन हाच आकडा सांगतात असं नाही, काही तीन महिन्यांवरही तयार होतात. त्यांनी माझ्यासाठी सहा धरले कारण वजन भराभर उतरलं होतं. आणि ज्या गोष्टीने मला सगळ्यांत मोकळं केलं ती ही, की कुठला ठरावीक आकडा गाठायची अट नव्हती. मी 68 डोक्यात धरून बसले होते. ते म्हणाले, शरीर 73 वर थांबलं आणि तुम्हाला तिथे राहणं जमत असेल, तर 73 चालेल. थांबलेलं असणं महत्त्वाचं.

त्याच दवाखान्यात वाट बघताना एक गृहस्थ भेटले. जठराची शस्त्रक्रिया करून त्यांनी पन्नासहून जास्त किलो कमी केले होते. त्यांना बारा ते अठरा महिने थांबायला सांगितलं होतं, कारण अशा शस्त्रक्रियेनंतर वजन वर्षभर तरी उतरत राहतं आणि शरीरात लोह, बी-12, प्रथिनं यांची कमतरता राहून जाऊ शकते. त्यांच्या मानेवरची कातडी कॉलरमध्ये मावत नव्हती. तरी ते शांतपणे म्हणाले, "चौदावा महिना चालू आहे." मला माझ्या सहा महिन्यांची लाज वाटली नाही, पण धीर आला.

ते सहा महिने कधीपासून मोजायचे, हाही एक प्रश्न होता. सर्जननी सरळ विचारलं, "हे इंजेक्शन तुम्ही पुढे चालू ठेवणार की बंद करणार?" मी विचारच केला नव्हता. औषध बंद केल्यावर बहुतेकांचं वजन परत चढतं. एका मोठ्या चाचणीत औषध थांबल्यावर वर्षभरात लोकांचं कमी झालेल्या वजनापैकी सरासरी दोनतृतीयांश वजन परत आलं होतं. ताणून बसवलेल्या चेहऱ्याखाली परत चरबी भरली तर केलेलं काम तेही बिघडवतं. मी फिजिशियनकडे गेले. वजन 70 च्या आसपास आल्यावर त्यांनी डोस कमी करून कायमचा ठरवला, आणि सर्जननी त्या दिवसापासून सहा महिने मोजायला सुरुवात केली.

वाट बघणं सोपं नव्हतं. दर रविवारी सकाळी वजन, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून. नवरा फोटो काढायचा आणि एक शब्दही बोलायचा नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मधल्या काळात केस भरपूर गळले. झपाट्याने वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि बहुधा केस परत येतात. पण फेसलिफ्टचे छेद केसांच्या कडेने आणि कानामागे लपवतात, म्हणून केस सावरेपर्यंत थांबणंही माझ्या फायद्याचं होतं. रक्ततपासणीत लोह आणि बी-12 दोन्ही कमी निघाले. भूक कमी म्हणून मी इतकं कमी खात होते की प्रथिनं पुरतच नव्हती. जखम भरायला तीच लागतात. त्या अवस्थेत माझ्या चेहऱ्यावर छेद घेतला गेला असता, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

आणि फोटोंनी जे दाखवलं ते मला कुणी सांगून पटलं नसतं. 76 पासून 69 पर्यंत येताना हनुवटीखालची कातडी आपोआप बरीच आवळली. तिथे मला सगळ्यांत जास्त कापावं लागेल असं वाटत होतं. उलट कानशिलं आणि डोळ्यांखालचा भाग आणखी खोल गेला. सर्जननी माझे जुने फोटोही मागवले होते, तिशीतले, चाळिशीतले, बारीक असतानाचे आणि जाड असतानाचे. त्यावरून त्यांनी दाखवलं की डावा गाल माझा पहिल्यापासूनच उजव्यापेक्षा चपटा आहे. सहा महिन्यांनी जो बेत ठरला तो पहिल्या दिवशीच्या बेतापेक्षा वेगळा होता: ओढ कमी, मानेवर बेताचं काम, आणि मांडीची चरबी काढून कानशिलांत व गालांत भरायची. त्यांनी बजावलं की भरलेल्या चरबीतला काही भाग शरीर शोषून घेतं, आणि जी टिकते ती जिवंत असते. वजन वाढलं की ती फुगते, उतरलं की आटते. म्हणजे स्थिर राहणं आधीही हवं आणि नंतरही.

भुलेची तयारी वेगळीच निघाली. या इंजेक्शनमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि भूल देताना पोटात काही असेल तर ते श्वासनलिकेत जायचा धोका असतो. 2023 मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचा डोस आधी एक आठवडा थांबवा असं सुचवलं होतं. पुढच्या वर्षी ते रुग्ण पाहून ठरवा, गरज पडल्यास आधीचे 24 तास फक्त द्रवपदार्थ द्या, असा सूर आला. माझ्या भूलतज्ज्ञांनी दोन्ही केलं, आणि त्या सकाळी सोनोग्राफीने पोट रिकामं असल्याची खात्रीही केली. कुणी हे औषध घेत असेल तर ते लपवू नका, साधी शस्त्रक्रिया असली तरी. लाजेने लपवणारे लोक असतात असं त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रिया पाच तास चालली. मला त्यातलं काही आठवत नाही. नंतर रक्तदाब वर जाऊ नये म्हणून सगळे डोळ्यांत तेल घालून होते, कारण त्वचेखाली रक्त साठणं हीच फेसलिफ्टनंतरची नेहमीची भीती. साठणारं रक्त बाहेर काढायला लावलेल्या नळ्या दुसऱ्या दिवशी काढल्या, कानापुढचे टाके सातव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सूज इतकी होती की लेकीने आरसा उचलून नेला. दोन आठवडे चेहरा जांभळा, मग हिरवट, मग पिवळा. चावायला नकोसं वाटायचं म्हणून मी कमी खाल्लं आणि दोन किलो घसरले. सर्जन पहिल्यांदाच रागावले. "एवढी वाट बघून वजन थांबवलं, आणि आता जखम भरायच्या वेळी उतरवताय?" त्यानंतर खाण्याची वेळ नवऱ्याने हातात घेतली.

आता आठ महिने झाले. वजन 69 ते 71 च्या मध्ये आहे. कानशिलं पूर्ण भरली नाहीत, पण बसलेली दिसत नाहीत. उजव्या कानाची पाळी अजून थोडी बधिर आहे, कानातलं घालताना टोक बोटाने चाचपून बघावं लागतं. कानामागचे व्रण गुलाबी आहेत, ते फिके व्हायला वर्ष लागेल. "बरं नाही का" असं कुणी विचारत नाही. काही केलंस का, असंही कुणी विचारलेलं नाही.

वरच्या पापण्या जरा जड वाटतात. त्यांचं काम वजनावर तितकं अवलंबून नसतं, पण तेही वर्ष पूर्ण झाल्यावर पाहू, असं सर्जन म्हणाले. जाताना वही घेऊन जाईन.