साठ शिलाई मशिनी आणि एक पॅकिंग लिस्ट

टांझानियात डोडोमाच्या उत्तरेला, कोंडोआकडच्या एका गावात मुलींचा शिवणवर्ग चालतो. तिथल्या मुख्य बाईंचा फोन आला तेव्हा मी दार-ए-सलामला एका हार्डवेअर कंपनीत हिशेब बघत होतो. इंग्लंडहून जुन्या शिलाई मशिनी येताहेत, बंदरातून सोडवून देशील का? माझे वडील कराडला शिंपी, मशीनला तेल घालायचं काम लहानपणी माझंच. त्यात कस्टम्सचे कागद ऑफिसात रोजचेच. दहा दिवसांत होईल, असं सांगून मोकळा झालो.

लागले दोन महिने.

पॅकिंग लिस्टवर एकच ओळ होती: शिवणसाहित्य, देणगी, किंमत शून्य. भेट असली तरी कस्टम्सला किंमत लागते, नगांचा हिशेब लागतो, वस्तू जुनी की नवी तेही लागतं. करमाफी आपोआप मिळत नाही. संस्थेचं नोंदणीपत्र आणि देणगीपत्र जोडून अर्ज करायचा, तोही माल धक्क्याला लागायच्या आत. आमचा अर्ज गेला तेव्हा कंटेनर उतरून आठवडा झाला होता. सवलतीचे दिवस संपले की शिपिंग कंपनीचं डेमरेज, म्हणजे कंटेनर अडकल्याचा दंड, वेगळा, बंदराचं भाडं वेगळं. एजंट रोज सकाळी फोन करून नवा आकडा सांगायचा. ‘हबारी झा असुबुही’ ऐकलं की पोटात गोळा यायचा.

शेवटी मुख्य बाईंनी, म्हणजे मामांनी, शाळेचे गणवेश शिवून साठवलेले पैसे काढले. (तिकडे मामा म्हणजे आई. बाईमाणसाला मामा म्हणायला माझी जीभ वर्षभर अडखळत होती.) फुकटच्या मालाचा तो खर्च मी अजून वहीत जपून ठेवलाय.

खोकी उघडली ती कारियाकू बाजारातल्या एका म्हाताऱ्या फुंडीला, म्हणजे कारागिराला, सोबत घेऊन. साठ मशिनी. त्याने रंग, सोनेरी नक्षी काही पाहिलं नाही. चाक फिरवायचा, बॉबिन काढायचा आणि मशीन एका ढिगात सरकवायचा. बावीस निघाल्या विजेच्या. गावात वीज येते, पण भरवसा नाही. मोटार काढून हाताचं हँडल बसवायचं तर चाकाला आरे लागतात. यातली बरीच चाकं भरीव. काही मशिनींत होडीसारखं शटल आणि लांबुळकी बॉबिन. मशीन उत्तम, पण तसली बॉबिन कारियाकूत कुणाकडेच नव्हती. सिंगर ९९ दिसायला गोड, पण आकाराने लहान. पायमशीनच्या टेबलाच्या खाचेत ती बसतच नाही. माझे वडील असते तर पहिल्या दहा मिनिटांत हे सगळं बोलून गेले असते. मला ते फुंडी करताना बघून कळलं. चौदा मशिनी सुट्या भागांसाठी ठेवल्या, बत्तीस चालू केल्या, उरलेल्यांचं काय ते पुढे बघू म्हणून बाजूला.

तळाशी दोन खोकी कपड्यांची. मामा हसल्या. जुन्या कपड्यांचे गठ्ठे, मितुम्बा, तिथे बाजारात हवे तेवढे. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी त्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं होतं. अमेरिकेने व्यापारी सवलती काढायचा इशारा दिला, बाकीचे मागे सरले, रवांडा अडून राहिला. या मुलींची स्पर्धा त्या गठ्ठ्यांशीच. म्हणून मामा त्यांना आधी गणवेश शिकवतात. अमुक शाळेचा, अमुक रंगाचा गणवेश गठ्ठ्यात सापडत नाही, एवढा साधा हिशेब. तो ऐकल्यावर मला आमच्या सगळ्या मदतीपेक्षा त्यांचंच डोकं जास्त चाललेलं दिसलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही उलटं केलं. आधी यादी टांझानियातून गेली. प्रत्येक मशीनचं मॉडेल, अंदाजे किंमत, जुनी-नवी अशी नोंद परत आली, मगच इंग्लंडात खोकी भरली. करमाफीचा अर्ज जहाज समुद्रात असतानाच टाकला. माल नऊ दिवसांत सुटला आणि ट्रक मोरोगोरोमार्गे डोडोमाला निघाला.

तिसरी यादी मामांनी स्वतः लिहिली. पायाच्या मशिनी तीस. पायपट्टे साठ. गोल बॉबिन दोनशे. सुया, जेवढ्या देता येतील तेवढ्या. आणि खाली अधोरेखित करून: पार्टीचे गाऊन नकोत.