तारपा आणि टॉवर

आज दुपारी गंगापूर रोडवर एका छोट्या चित्रप्रदर्शनात गेले होते. एका वारली चित्रापुढे पाय थबकलेच.

हातात हात गुंफलेली माणसांची वेटोळी रांग नाचतेय, पण मधोमध तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याच्या जागी मोबाईलचा टॉवर! आणि रांगेच्या अगदी टोकाला एक बाई नाच सोडून फोन कानाला लावून उभी.

माझी आजी पेठ तालुक्यातली. घरात लग्न निघालं की भिंत शेणाने सारवून, गेरू देऊन ती तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायची. हो, काढायची नाही, 'लिहायची'च म्हणायची. आत पालघाट, सुफलतेची देवी. हे काम सवाशिणींचं. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तारपावाला नाही म्हणून आधी पोटात कालवलं. मग आठवलं, आजीच्या शेवटच्या आजारात मामा रेंजसाठी डोंगराच्या माथ्यावर चढायचा. तेव्हा टॉवर असता तर मी वेळेवर पोचले असते.

चित्र काढणारी मुलगी तिथेच होती. विचारलं, "ही कोणाशी बोलतेय गं?"

"निफाडला द्राक्षाच्या कामावर गेलेल्या नवऱ्याशी, ताई."

घरी येऊन मामीला फोन लावला. आजीच्या चौकाची भिंत पाडून विटांची केली म्हणे. पण धाकटीच्या लग्नात मामीने कागदावर चौक लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला होता. तो अजून तिथेच आहे. फोटो पाठवते म्हणालीय, वाट बघतेय.