साडेपाच हजार मजुरी आणि दोन शनिवार

"चार स्प्रिंगा, अर्धा दिवस, साडेपाच हजार. अलाइनमेंटचे वेगळे." दुकानदाराने मान वर न करता सांगितलं. मी "बघतो" म्हणून निघालो, आणि घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं की गाडीच्या स्प्रिंगा बदलायचं हे काम आपणच करायचं.

मी भोसरीला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. लोकांनी केलेल्या कामात मायक्रोमीटर घालून दिवसभर चुका काढायच्या, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे आपली गाडी दुसऱ्याच्या हवाली करताना जिवावर येतं. शिवाय नुसत्या स्प्रिंगांना १९ हजार गेले होते. गाडी २०१४ ची स्विफ्ट, ८६ हजार किलोमीटर झालेली. स्प्रिंगा गाडीला ३५ मिलिमीटरने खाली बसवणाऱ्या. हे का करायचं, असं बायकोने एकदाच विचारलं. वळणावर गाडी कमी झुकते, असं मी सांगितलं. खरं कारण चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती पोकळी. डोळ्यांत खुपायची. (कायद्याचं म्हणाल तर गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, तेव्हा जुन्या स्प्रिंगा भंगारात घालू नका. माझ्या माळ्यावर आहेत.)

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी खोलायला मनाई, म्हणून शनिवारी सकाळी तळेगावला बाबांकडे गेलो. अंगणात पक्का कोबा आहे. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. नव्या स्प्रिंगा हातात घेऊन म्हणाले, "आम्ही जन्मभर खचलेले पाटे बदलून गाड्या वर उचलल्या. तू पैसे मोजून खाली करतोयस." मग आत जाऊन दोन घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी स्टँड, घेऊन आले. "जॅक उचलायला असतो, धरायला नाही. घोडी लागल्याशिवाय खाली हात घालायचा नाही."

मागची बाजू म्हणजे पोरखेळ. स्विफ्टला मागे आडवा बीम, स्प्रिंग एकीकडे आणि शॉकअप दुसरीकडे. गाडी घोड्यांवर घेतली, बीमखाली जॅक लावला, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि जॅक हळूहळू उतरवला. स्प्रिंग हाताने बाहेर आली. जपायचं एवढंच की बीम लोंबताना ब्रेकच्या नळीवर ताण येता कामा नये. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं डब्ल्यूडी-फोर्टी मारून ठेवलं होतं, तरी एक डावीकडचा हट्टाला पेटला. बाबांनी पान्यावर लांब पाइप चढवला आणि एका झटक्यात सोडवला. दोन तासांत मागचं काम संपलं, आणि मी मनातल्या मनात साडेपाच हजार खिशात टाकले.

पुढची गोष्ट वेगळी. पुढे स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते आणि तिला वरच्या मधल्या नटाने जखडलेलं असतं. हा अख्खा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी, गाडीतून काढणं अवघड नाही. ब्रेकच्या नळीची आणि एबीएसच्या वायरीची क्लिप सोडवायची, खालचे दोन मोठे बोल्ट काढायचे, मग बॉनेटखालचे वरचे नट. बोल्ट काढण्याआधी रंगाने खूण करून ठेवली, कारण तिथल्या थोड्याशा ढिलाईनेही चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो. पण स्ट्रट बाहेर आल्यावर तो मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय सोडायचा नाही. एका वेळी एक मिलिमीटर दबायला २५ न्यूटन लागणारी स्प्रिंग धरा. ती १० सेंटिमीटर दाबली की आत अडीचशे किलोचा जोर कोंडलेला असतो, आणि आपलं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर.

मित्राकडून स्प्रिंग कंप्रेसर आणला होता. आकडे (हूक) असलेले दोन लांब स्क्रू, समोरासमोर लावून आळीपाळीने आवळायचे. आवळता आवळता एक आकडा वेटोळ्यावरून बोटभर सरकला. टण्ण असा आवाज झाला आणि स्प्रिंग एका बाजूला वाकडी झाली. मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो. बाबा ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. "ठेव ते. उलटं फिरवून सोड, सावकाश." सोडवेपर्यंत माझ्या पाठीला घाम सुटला होता. मग म्हणाले, "हे दुकानात दाबून आण. तिथे भिंतीला बसवलेलं यंत्र असतं. साडेपाच हजार सगळ्याचे नसतात रे, यातल्या निम्म्याच्या वर या एका कामाचे असतात."

दोन्ही स्ट्रट गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर पुढे ठेवले आणि गावातल्या एका दुकानात नेले. एका बाजूचे ४०० सांगितले. ८६ हजार झालेच होते, तर शॉकअप, वरचं माउंट आणि बेअरिंगही नवीन घातलं. तेच काम दुसऱ्यांदा कोण काढत बसणार. छोटी स्प्रिंग जुन्या शॉकअपवर घालणं मला तरी पटत नाही. नवी स्प्रिंग जास्त कडक असते आणि शॉकअपला दबायला जागा कमी उरते, मग ते लवकर गळायला लागतं. दुकानातल्या पोराने पाच मिनिटांत एक दाबून दिला. मधला नट मात्र नट फिरवायच्या गनने सोडवला, शॉकअपचा दांडा गरागरा फिरत होता. जुनाच होता म्हणून गप्प बसलो. नव्यावर हातपान्याने आवळायला लावलं, तर पोराने माझ्याकडे असं पाहिलं की हे कुठून आले.

संध्याकाळी गाडी खाली उतरवली. मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं माप पुढे ३८४ होतं, ते ३५१ झालं. फाटकातून बाहेर काढून स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि उजवीकडून आवाज आला. खट्. परत वळवलं. खट्.

दुसऱ्या शनिवारी उजवा स्ट्रट पुन्हा बाहेर. स्प्रिंगचं खालचं टोक ती ज्या वाटीत बसते तिच्यातल्या खाचेला टेकायला हवं, ते दोन सेंटिमीटर अलीकडेच थांबलं होतं. पैसे देऊन करून घेतलेल्या एकमेव कामात चूक निघाली, म्हणून मला आधी आनंदच झाला. मग आठवलं, स्ट्रट ताब्यात घेताना ते टोक मी बघितलंच नव्हतं. कारखान्यात असा माल मी सही करून सोडला असता तर?

आणि हे एवढ्यावर भागलं नाही. मागून बारीक करकर येत होती. ती सगळी माझी. शॉकअपचे खालचे बोल्ट मी बीम लोंबत असतानाच करकचून आवळले होते. बोल्टाभोवतीच्या बुशमधलं रबर त्या स्थितीत घट्ट धरलं गेलं, आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहिलं. बोल्ट ढिले करून, चाकांवर वजन आल्यावर पुन्हा आवळले. करकर गेली. स्प्रिंगा बसायला आठवडाभर देऊन मग अलाइनमेंट केलं. कॅम्बर अर्ध्या अंशाहून जास्त आत गेला होता आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, तर पार बिघडलेला.

हिशेब विचारू नका. दाबण्याचे ८०० आणि अलाइनमेंटचे ७०० धरले तरी मजुरीत चार हजार वाचले, असं मी बायकोला सांगितलं. ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क पाना २,६०० ला घेतला ते सांगितलं नाही, तो कायमचा आहे. पुढच्या वेळीही मागचं मी करणार, पुढचे स्ट्रट मी काढणार, पण दाबायला दुकानातच नेणार आणि टोक खाचेत टेकलेलं बघून मगच हलणार.

स्विफ्टच्या पोटाची जमिनीपासूनची मूळ उंची १७० मिलिमीटर, आता १३५ च्या आसपास. गतिरोधक नियमाप्रमाणे १०० मिलिमीटर उंच असता तर प्रश्नच नव्हता. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरचा मी टेपने मोजला, १५५. एकटा असलो की तिरकी घालून निघते. चौघं बसलो की खालून खर्रकन घासते. गेल्या रविवारी आई-बाबांना घरी आणलं, तर फाटकाच्या अलीकडेच आई म्हणाली, "थांबव रे जरा." पिशवी घेऊन उतरली, गतिरोधक चालत ओलांडला आणि पलीकडे आमची वाट बघत उभी राहिली.