लेक मिशनवर आणि माझं रविवारचं पत्र

आमची लेक मॉर्मन चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामावर, गेली आहे. त्या मिशनच्या अर्जात सगळ्यात जास्त छळतो तो दंतवैद्याचा फॉर्म. अक्कलदाढा पुढेमागे त्रास देतील अशी शंका असली तर आधी काढून घ्या म्हणतात. कुठल्या बेटावर, कुठल्या खेड्यात दाढ ठणकायला लागेल याचा काय नेम? आमच्या लेकीच्या चारही काढल्या. दोन्ही गाल सुजलेले, गालाला बर्फाची पिशवी, आणि त्याच अवस्थेत बाईसाहेब लॅपटॉपवर लसींची माहिती भरत बसलेल्या. मग बिशपची, म्हणजे स्थानिक चर्चप्रमुखाची मुलाखत, त्यानंतर त्याच्या वरच्या स्टेक प्रेसिडेंटची. पैशाचं गणित मात्र सोपं आहे. जगात कुठेही पाठवलं तरी अमेरिकेतल्या कुटुंबाने महिन्याला ५०० डॉलर भरायचे. मुलींचं मिशन दीड वर्षाचं, मुलांचं दोन वर्षांचं. पगार नाही, आणि देश आपण निवडायचा नाही.

मी मूळची सांगलीची. १९९८ साली एमएस करायला युटाला आले आणि इथल्याच मुलाशी लग्न केलं. त्याचं सगळं घराणं चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लेटर-डे सेंट्सचं, म्हणजे जग ज्यांना मॉर्मन म्हणतं त्यांच्यातलं. मी हिंदूच राहिले. घरात देव्हारा आहे, भाद्रपदात गणपती बसतो, आणि रविवारी बाकीची मंडळी चर्चला जातात. लेकीने आठव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. मुलांनी मिशनवर जावं अशी चर्चची अपेक्षा असते, मुलींवर तसं बंधन नाही. २०१२ पर्यंत तर मुलींना एकविसावं पूर्ण व्हावं लागायचं, मग ती अट १९ वर आली, आणि २०२५च्या अखेरीस १८ वर. आमची एकोणिसाव्या वर्षी म्हणाली, आई, मला जायचंय.

पूर्वी बोलावणं मोठ्या पांढऱ्या पाकिटातून यायचं, आता ईमेलवर येतं. तरी ते उघडायचा सोहळा तोच. दिवाणखान्यात सासरचे सगळे जमलेले, फोनवर सांगली. तिने मोठ्याने वाचलं: फिजी, सुवा मिशन. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. सांगलीहून माझी आई म्हणाली, "बरं झालं, तिथं आपली माणसं आहेत." आणि दहाच मिनिटांत आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांचा मेसेज: "आता पोरीला धर्मांतर करायला पाठवणार का?" त्यावर मी काहीच लिहिलं नाही. तो काटा मलाही टोचत होताच. त्याबद्दल पुढे लिहिते.

जाण्याआधी लेकीने टेंपलमध्ये, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या पवित्र वास्तूत जाऊन व्रतं घेतली. आत फक्त चर्चच्या सभासदांना, तेही बिशपकडून परवाना घेतलेल्यांनाच प्रवेश. आजी म्हणून सासूबाई आत गेल्या, आई, म्हणजे मी, बाहेर बागेतल्या बाकावर बसले. मला वाईट वाटलं आणि मी ते नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलंही. पुढच्या आठवड्यात घरूनच ऑनलाइन प्रशिक्षण, मग युटातल्याच प्रोव्हो शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात. तिथे पोचवणं म्हणजे गाडी कडेला लावायची, बॅगा उतरायच्या, एक मिठी, आणि मागची गाडी यायच्या आत निघायचं. फिजियन भाषा शिकायला पोरगी काही आठवडे आमच्या घरापासून पाऊण तासावर होती आणि भेटायला जायची परवानगी नव्हती. फिजीला गेली तेव्हा उलट बरं वाटलं.

तेव्हापासून रविवार सकाळ माझी. नवरा आणि धाकटा चर्चला गेले की दोन तास घर शांत. पूर्वी सभा तीन तासांची असायची, २०१९ पासून दोनची झाली, मला तेवढे पुरतात. मी चहा घेऊन बसते. (मॉर्मन लोक चहा पीत नाहीत, त्यामुळे या घरात चहा पिणारी मी एकटीच. लेक सांगलीला जायची तेव्हा आजी तिला चहाऐवजी हळदीचं दूध द्यायची आणि "हे कसलं पथ्य" असं पुटपुटायची.) मी बसते तेव्हा फिजीत सोमवार उजाडत असतो. सोमवार त्यांचा प्रिपरेशन डे: कपडे धुणं, बाजारहाट, घरची पत्रं वाचणं.

लिहायचं काय, हा प्रश्न पहिल्या पत्रापासून होता. सासरचे सगळे शास्त्रवचनं पाठवतात, ती मला येत नाहीत आणि आली तरी माझ्या तोंडी शोभणार नाहीत. लेकीनेच सोडवलं. म्हणाली, "खंबीर राहा असं सगळेच लिहितात. तू घरातलं लिही." मग मला माझ्या आईची निळी एरोग्राम आठवली. मी इथे नवीन होते तेव्हा ती लिहायची: कांदा काय भावाने मिळाला, कृष्णेला पाणी किती आलं, समोरच्या वाड्यातल्या मुलीला बघायला कोण आलं होतं. माझ्या अभ्यासाबद्दल शेवटी एक ओळ. मी ती पत्रं जेवताना वाचायची, सावकाश, संपू नयेत म्हणून. तीच रीत मी उचलली. वसंतातलं एक पत्र इथे देते:

"चिऊ, धाकट्याला लर्नर परमिट मिळालं. पार्किंगच्या पहिल्याच फेरीत बाबांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. जर्दाळूला मोहोर आला आणि परवाच्या बर्फाने गेला. शेजारच्या काकूंनी फ्युनरल पोटॅटोजचा (इथे अंत्यविधीनंतरच्या जेवणात असतो तो बटाट्याचा पदार्थ) मोठा ट्रे आणून दिला. कोणी गेलेलं नाही, त्यांच्याकडे जास्त झाले होते. होळीला स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात गेलो, नेहमीसारखी निम्मी गर्दी कॉलेजातल्या मॉर्मन पोरांची, त्यांनीच मला जास्त रंगवलं. तुझ्या खोलीत शिलाई मशीन ठेवलंय, तू आलीस की हलवीन. आजीने मेतकूट केलंय, एक बरणी तुझ्या नावाची."

व्हिडिओ कॉलही असतो. २०१९च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला घरी बोलायची मुभा मिळाली. त्याआधी नाताळ आणि मदर्स डे, बस. नवरा चिलीत मिशनवर होता तेव्हा वर्षातून दोनदा आईचा आवाज ऐकायचा, आणि हे तो आम्हाला दर कॉलनंतर ऐकवतो. आम्ही फिजीतली दुपारी बाराची वेळ ठरवली आहे: इथे रविवार संध्याकाळ, सांगलीत सोमवार पहाटे साडेपाच. आईचं तेव्हा पारोसं आवरून झालेलं असतं, त्यामुळे तीही येते. तिघींच्या मागे तीन वेगळे उजेड असतात.

तिसऱ्या महिन्यात पत्र आलं: मला जमत नाहीये. पाऊस थांबत नव्हता, बूट वाळत नव्हते, लोक दारं उघडत नव्हते, आणि जोडीदारीण तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. मिशनवर दोघीदोघींची जोडी लावून देतात, जोडीदारणीला सोडून कुठे जाता येत नाही, सतत एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. अशा वेळी अबोला किती जड होतो, विचार करा. आता युटात मिशन अर्धं सोडून आलेल्या पोरांकडे लोक तिरक्या नजरेने बघतात, आजारी पडून आलं असलं तरी. शेजारच्या काकूंची तीन मुलं मिशन करून आलेली. त्या म्हणाल्या, "ये असं चुकूनही लिहू नकोस. कुत्र्याचं लिही." मी कुत्र्याचं लिहिलं, आणि खाली लिहिलं: "यायचं असेल तर विमानतळावर मी उभी असेन आणि कोणाला काही सांगायची गरज नाही. नसेल तर आधी गुरुवारपर्यंत बघ. दोन वेळा नीट जेव. जोडीदारणीला तिच्या आईबद्दल विचार." नवऱ्याला पहिलं वाक्य आवडलं नाही. मी ते खोडलं नाही. परतीचं दार उघडं आहे हे माहीत असलेल्या माणसाला थांबणं सोपं जातं असं माझं मत आहे, आणि मी स्वतः सातासमुद्रापार राहून ते बनवलेलं आहे. ती थांबली. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यात तिला नवी जोडीदारीण मिळाली.

मग सांगलीत आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. भावाचा फोन: "मिरजेला ऑपरेशन आहे. चिऊला कळवू नकोस, बिचारी काळजी करत बसेल." आमच्याकडची ही जुनी खोड. मी इथे शिकत असताना बाबांना अॅटॅक आला, तो मला ते हॉस्पिटलमधून घरी आल्यावर कळला. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही. मी त्याच दिवशी मिशनच्या ऑफिसला कळवलं, त्यांनी लगेच लेकीला निरोप दिला आणि आजीशी बोलू दिलं. आजी खाटेवरून काय बोलली? "जेवलीस का? तिथं भात मिळतो ना?" लेक नंतर मला म्हणाली, लपवलं असतंस तर पुढची तुझी सगळी पत्रं मी शंकेने वाचली असती.

आता तो काटा. तिची बदली लाउटोकाला झाली. आजूबाजूला ऊस, साखर कारखाना, आणि गिरमिटियांचे वंशज. गिरमिटिया म्हणजे करारावरचे मजूर; १८७९ ते १९१६ या काळात भारतातून अशी साठेक हजार माणसं तिथे नेली होती. तिथली हिंदी अवधी-भोजपुरी वळणाची. आमच्या लेकीची हिंदी माझ्याकडून उचललेली, मोडकीतोडकी, पण तिथे तेवढीही कामाला आली. एका म्हाताऱ्या बाईंनी दोघींना आत बोलावून रोटी, दाल, भाजी वाढली आणि बजावलं: "खाना खाओ, धरम की बात मत करो." त्या अंगणात लाल झेंडी होती, हनुमानाची. लेकीने हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. माझ्या पोटची पोर त्या अंगणात वेगळा देव घेऊन गेली होती. मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "आई, मी विचारते. नको म्हणाले तर भांडी घासून निघते. त्यांना नको म्हणता येतं, आणि म्हणतातही." पटलं का? अर्धं. पूर्वजांना त्या बेटावर देशोधडीला लावल्यावर ज्यांनी रामायण पाठ करून देव सांभाळला, त्यांच्या दारात मी पाऊल टाकलं नसतं. हे मी तिला पत्रात लिहिलं, एकदाच. तिने उत्तरात वाद घातला, दोन पानं भरून. चांगला घातला. त्याच पत्रात खाली कांद्याचा भाव विचारला होता. काकांना मात्र मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण त्यांना उत्तर नकोच आहे.

तिची नवी जोडीदारीण किरिबाटी या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातली. घर कॅथलिक, ही चर्च बदलून मिशनवर आली म्हणून वडिलांनी बोलणं टाकलेलं. सोमवारी आमची चिऊ घरची पत्रं वाचायची तेव्हा ही भांडी घासत बसायची. एकदा चिऊने जर्दाळूचा मजकूर तिला इंग्रजीत करून सांगितला. पुढच्या आठवड्यात विचारणा आली: आई, तिलाही लिहिशील का? लिहिते. अर्धं पान, इंग्रजीत. तिने बर्फ कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे गाडीवर साठलेला बर्फ कसा खरवडतात हे तिला फार सविस्तर हवं असतं. धाकट्याच्या ड्रायव्हिंगची तर ती चिऊपेक्षा जास्त चौकशी करते.

चिऊ मार्चमध्ये येते. सासूबाईंनी विमानतळासाठी फलक रंगवायला घेतलाय. स्टेक प्रेसिडेंटनी मोकळं करेपर्यंत ती मिशनरीच, म्हणून त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे आधी जायचं आहे, मग घरी वरणभात. शिलाई मशीन अजून हलवायचं आहे. आणि किरिबाटीच्या पोरीचं मिशन त्यानंतरही बरेच महिने चालणार आहे, तेव्हा रविवारची वेळ मी कोणाला देणार नाही.