इयरबुक घेऊ का, मॅडम?

हॉल तिकिटासाठी 'नो ड्यूज'ची सही घ्यायला टीवायची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची, मुलं ग्रंथालयात येतात, तेव्हा काउंटरवर रेंगाळत कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, इयरबुक घेऊ का? १२०० रुपये म्हणतायत." मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी २००८ पासून आहे. मागे रांग असते, म्हणून 'घे, पण नमुना बघून' एवढंच सांगून होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

"फोटो तर फोनमध्ये आहेत की!" हा मुलांचा पहिला मुद्दा. खरंय, फोटो उदंड आहेत. पण त्यांच्याखाली नावं कुठे आहेत? आज वर्गातला प्रत्येक चेहरा नावानिशी ओळखता. वीस वर्षांनी निम्मे ओळखता आले तरी खूप. शिवाय एके काळी इथल्या मुलांचा सगळा गोतावळा ऑर्कुट या सोशल साइटवर होता. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं आणि एकमेकांना लिहिलेले कितीतरी स्क्रॅप, म्हणजे निरोप, त्याच्याबरोबर गेले.

आमच्याकडे जुने वार्षिकांक, म्हणजे कॉलेजच्या मासिकाचे दर वर्षीचे अंक, बांधून ठेवलेत. तीनेक वर्षांपूर्वी एक मुलगी आली. वडील नुकतेच गेले होते, ते इथे शिकले एवढंच तिला ठाऊक. मी १९८६-८७ चा अंक काढून दिला. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिराचा काळा-पांढरा ग्रुप फोटो, खाली बारीक टाइपात 'बसलेले, डावीकडून', मग 'उभे, पहिली रांग'. तिने एक बोट नावांवर ठेवलं, दुसरं चेहऱ्यांवर, आणि मोजत गेली. सातव्यावर थांबली. भरगच्च केसांचा, मिशी न फुटलेला तो मुलगा तिला नुसत्या चेहऱ्यावरून ओळखूच आला नसता.

त्याच फोटोत उजव्या कडेला हातात बादली घेतलेला एक माणूस आहे. नावांची ओळ त्याच्या आधीच संपते. निवृत्त शिपायांनाही मी विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी इयरबुकच्या कमिटीकडे डमी, म्हणजे नमुना प्रत, मागा. फोटोखाली पूर्ण नाव आहे का बघा. टोपणनाव हवं तर सोबत असू दे. शिपाई, लॅब असिस्टंट, कॅन्टीनवाले आहेत का बघा, नसतील तर भांडा. गुळगुळीत आर्ट पेपरवर जेल पेन फिसकटतं, तेव्हा शेवटी चार पानं मॅपलिथोची, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदाची, घालायला सांगा आणि मित्रमैत्रिणींचे निरोप त्यावर लिहून घ्या. बांधणी शिलाईची मिळाली तर उत्तम. आत नुसते फेस्टचे फोटो आणि जाहिराती असतील तर मात्र घेऊ नका.

आणि १२०० रुपये जड जात असतील तर मनाला लावून घेऊ नका. फीची पावती काढून बघा; 'मॅगझिन फी' अशी ओळ असेल तर वार्षिकांक तुमच्या हक्काचा आहे, मागून घ्या. वर्गाच्या ग्रुप फोटोची एक प्रिंट काढा आणि मागे मऊ शिसपेन्सिलीने सगळ्यांची नावं लिहा. बॉलपेनने नको, दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.

यंदा एकाने विचारलं, "मॅडम, तुमचा अंक आहे?"

आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी घरात शिरली. कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. माझ्या अंकातली लेखांची साधी पानं दोरीवर वाळली. फोटोंची आर्ट पेपरची पानं मी तशीच मिटलेली उन्हात ठेवली आणि त्यांचा ठोकळा झाला. त्या कागदावरचा लेप भिजून वाळला की पानं कायमची चिकटतात. ओली असतानाच एकेक पान सुटं करून मध्ये कागद घालायला हवा होता, हे मी या नोकरीत आल्यावर शिकले.

तो ठोकळा मी जपून ठेवलाय. आमच्या वर्गाचा फोटो त्यात आहे. खिडकीपाशी माझ्याच बाकावर बसणारी, तीन वर्षं माझ्याबरोबर डबा वाटून खाणारी सुनीता त्यात आहे. मी शिकले त्या कॉलेजच्या ग्रंथालयातही जाऊन आले, त्या वर्षीचा अंक त्यांच्याकडेही नाही. तिचं आडनाव मला आठवत नाही.