एका पेल्यावर अख्खी दुपार : चेंगदूचं पीपल्स पार्क

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदू शहरात कुणाला मोकळी दुपार मिळाली की मी पहिलं नाव पीपल्स पार्कचं घेते. मेट्रोची २ नंबरची लाइन, स्टेशनचं नावही तेच, प्रवेश फुकट. तळ्याकाठी हमिंग हे १९२३ सालचं चहाघर आहे. बांबूच्या खुर्च्या, बुटकी टेबलं, डोक्यावर झाडं. पैसे वेळेचे नाहीत, पेल्याचे. एक चहा घेतला की संध्याकाळपर्यंत खुर्ची आपली.

निघण्यापूर्वी फोनमध्ये अलीपे किंवा वीचॅट हे पैसे द्यायचं चिनी ॲप घ्या आणि त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. हे काम घरीच उरका, कारण ओळख पडताळणी अडली की काउंटरवर मागे रांग लागते. गूगल मॅप्सच्या भरवशावर राहू नका, तिथे ते साध्या नेटवर चालत नाही.

चहा मोगऱ्याचा घ्या, सिचुआनची खरी आवड तीच. बशी, पेला आणि झाकण असा तीन भागांचा गायवान येतो, सोबत गरम पाण्याचा थर्मास. पेल्याला कान नसतो. नवखा माणूस थेट पेल्याला हात घालतो आणि चटका बसतो. बशीसकट उचला, अंगठा पेल्याच्या काठावर ठेवा. आधी पेला पाव भरून पत्ती भिजू द्या, मग वरपर्यंत ओता. झाकणाने तरंगती पत्ती पलीकडे सारा आणि तिरप्या फटीतून घोट घ्या. झाकण घट्ट लावून ठेवलं तर कोवळी पत्ती शिजते आणि चहा कडवट होतो. आणखी एक, पेला कधीच तळापर्यंत रिकामा करू नका. एक तृतीयांश उरला की पाणी घाला. नाहीतर सगळा अर्क पहिल्याच वेळी पोटात जातो आणि पुढे नुसतं गरम पाणी उरतं. असं केलं तर एकच पत्ती चार-पाच वेळा चव देते. मध्येच फेरफटका मारायचा असेल तर झाकणावर एखादी छोटी वस्तू ठेवा, म्हणजे माणूस परत येणार हे कळतं.

टेबलांमधून चिमट्याचा टण्णकन नाद करत कान साफ करणारे फिरतात. मुंबईचे कानसफाईवाले लाल पगडीवरून ओळखू येत, इथले नादावरून. कपाळावर दिवा, हातात बारीक कोरणी आणि पिसांचा झुबका. हात सराईत असतो, पण हत्यारं एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जातात. पडद्याचा त्रास किंवा कान वाहत असेल तर नको म्हणा. करायचंच असेल तर भाव आधी ठरवा आणि मान अजिबात हलवू नका.

उठलात की १९१३ चा स्मृतिस्तंभ नक्की पाहा. १९११ साली छिंग राजघराण्याच्या सरकारने लोकांच्या वर्गणीतून उभा राहणारा रेल्वे प्रकल्प ताब्यात घेतला, सिचुआन पेटलं, गोळीबार झाला. त्यात गेलेल्यांचा हा स्तंभ. पायथ्याशी रूळ आणि सिग्नल कोरले आहेत. याच आंदोलनाने चीनमधली राजेशाही संपवणाऱ्या त्या वर्षीच्या क्रांतीला वाट करून दिली. एवढं मोठं प्रकरण चहाच्या टेबलांपासून पाच मिनिटांवर आहे आणि बरेच पाहुणे ते न बघताच परततात, याचं मला वाईट वाटतं.

बागेतल्याच लग्न जुळवण्याच्या कोपऱ्यात आईबाप मुलांचं जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी लिहिलेले कागद लावून बसतात. वाचा, बोला, पण फोटो काढू नका, ती खऱ्या माणसांची माहिती आहे.

चेंगदूचं आभाळ बहुधा ढगाळच. त्यामुळे हिवाळ्यात ऊन पडलं की सगळं शहर बागेत येतं आणि दुपारी खुर्ची मिळत नाही. अशा दिवशी जेवणाआधीच पोहोचा, आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा.